दुव्यांची सामाईक वही : वर्गातल्या सोशल बुकमार्किंगचा आढावा

मोझिलानं ८ जुलै २०२५ रोजी ‘पॉकेट’ बंद केलं. नंतर वाचायचे लेख बाजूला काढून ठेवायला जगभरचे लोक ते वापरत. गेल्या वीस वर्षांत ज्या शिक्षकांनी बुकमार्कच्या सेवा वर्गात आणल्या, त्यांना या बातमीचं फारसं नवल वाटलं नसणार. कनोटिया, डिलिशस, सिटीयूलाइक, गूगल बुकमार्क्स ही त्याआधी गेलेल्यांची यादी त्यांना तोंडपाठ असते. साधनं गेली, त्यांच्याबरोबर वर्गात आलेले प्रश्न मात्र राहिले. विद्यार्थी लिंका गोळा करतात तेव्हा ते काही शिकतात का? गोळा केलेल्याची विषयवारी कुणी लावायची? मुलं काय वाचतात हे कुणाकुणाला दिसावं? आणि हे सगळं ठेवायचं कुठे? या प्रश्नांवर बरंच लिहून झालंय, एकमत मात्र एकावरही नाही.

मुळात सोय काय होती ते आधी सांगायला हवं, कारण आज कॉलेजात असलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी ती पाहिलेली नाही. ब्राउझरमधला साधा बुकमार्क ज्याचा त्यालाच दिसतो. सोशल बुकमार्किंगमध्ये तो वेबवरच्या खात्यात जातो. त्याला आपण आपल्या मनानं दोन-चार टॅग, म्हणजे खुणेचे शब्द, लावतो, हवी तर खाली टीप लिहितो आणि इतरांना तो पाहता येतो. तीच लिंक आणखी कुणी साठवली, त्यांनी कोणते टॅग लावले, ते आणखी काय वाचतात हेही दिसतं. जुन्या मास्तरांची कात्रणांची वही सगळ्या वर्गानं मिळून चालवावी, तसा हा प्रकार.

मागची हकीकत

या कल्पनेचं मूळ शोधणारे बहुतेक जण व्हॅनिव्हर बुश यांच्यापाशी पोचतात. या अमेरिकी इंजिनियरनं जुलै १९४५च्या ‘अटलांटिक’ मासिकात ‘मेमेक्स’ नावाचं टेबलाएवढं यंत्र कल्पिलं होतं. त्यांचं उदाहरण मोठं मजेदार आहे. क्रुसेडच्या चकमकींत तुर्कांचं आखूड धनुष्य इंग्रजांच्या लांब धनुष्याला भारी का पडलं, याचा शोध एक माणूस घेतो. ज्ञानकोशातली नोंद, इतिहासाचं पुस्तक, लवचीकतेवरची पाठ्यपुस्तकं असं एकाला एक जोडत, मधे स्वतःचं टिपण घालत तो एक माग तयार करतो. काही वर्षांनी मित्राशी गप्पा मारताना विषय निघतो, तेव्हा तो अख्खा माग उतरवून मित्राच्या हाती देतो. मित्र तो आपल्या यंत्रात घालून पुढे वापरतो. वर्गातल्या बुकमार्किंगच्या बाजूनं पुढे जे जे बोललं गेलं, ते जवळजवळ सगळं या एका उदाहरणात आहे.

प्रत्यक्ष साधन आलं ते २००३ साली. मॉर्गन स्टॅनलीत नोकरी करणाऱ्या जोशुआ शॅक्टर यांनी स्वतःच्या लिंकांची यादी आवरता यावी म्हणून जी सोय केली होती, तिचंच ‘डिलिशस’ झालं. पुढच्या वर्षी थॉमस व्हँडर वॉल यांनी लोकांनी आपापले टॅग लावून उभ्या केलेल्या या वर्गीकरणाला ‘फोक्सॉनॉमी’ असं नाव दिलं. २००४ संपता संपता संशोधकांसाठी सिटीयूलाइक आणि ‘नेचर’च्या प्रकाशनसंस्थेची कनोटिया सुरू झाली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयानं ‘पेनटॅग्ज’ काढलं. त्यात विद्यार्थी वेबवरच्या पानांबरोबर ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधल्या पुस्तकांनाही टॅग लावू शकत. उच्चशिक्षणातल्या तंत्रज्ञानाचा मागोवा घेणाऱ्या ‘एज्युकॉज’ या अमेरिकी संस्थेनं २००५ साली सोशल बुकमार्किंगवर प्राध्यापकांसाठी माहितीपत्रक काढलं. त्याच वर्षी डिसेंबरात याहूनं डिलिशस विकत घेतलं. हा विषय आता हौशी लोकांपुरता राहिला नव्हता.

शाळांसाठी खरा फरक पडला तो ‘डीगो’मुळे. २००६ साली आलेल्या या सेवेत पानावरच हायलाइट करता येई आणि चिकटचिठ्ठी लावता येई. २००८ पासून तिनं शिक्षकांसाठी वेगळी खाती दिली. विद्यार्थ्याचा ईमेल न मागता शिक्षकाला वर्गाची खाती उघडता येत, वर्गाचा ग्रुप आपोआप तयार होई, आणि मुलांचा संपर्क वर्गापुरता राही.

वर्गातला वापर

वापराच्या तीन तऱ्हा दिसतात. पहिलीत शिक्षक स्वतःची वाचनयादी डिलिशससारख्या ठिकाणी ठेवतो आणि विद्यार्थी ती वाचतात. यात ‘सोशल’ असं फारसं काही नाही. नोटीसबोर्डाचं काम होतं, इतकंच. दुसऱ्या तऱ्हेत वर्गासाठी एक टॅग ठरवून दिला जातो, समजा ‘इति१०१’. प्रत्येक विद्यार्थी सापडलेली लिंक त्या टॅगनं साठवतो आणि आरएसएस फीडमधून, म्हणजे नव्या नोंदी आपोआप पोचवणाऱ्या यादीतून, सगळ्यांचं सगळ्यांना दिसतं. तिसऱ्या तऱ्हेत सगळे एकच पान घेऊन बसतात आणि ओळीओळीवर चिठ्ठ्या लावत वाद घालतात. २०११ साली सुरू झालेल्या ‘हायपॉथेसिस’ या टिपणसाधनानं ही तिसरी तऱ्हा पुढे नेली, आणि २०१७ साली वेब ॲनोटेशनची, म्हणजे पानावर टिपणं लावण्याची, प्रमाणपद्धती डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं मान्य केल्यावर तिला तांत्रिक पायाही मिळाला. आज विद्यापीठांत या घराण्यातलं जे काही टिकून आहे, त्यात ही तऱ्हा ठळक आहे. संदर्भ जमवण्याचं काम २००६ साली आलेल्या झोटेरो या संदर्भसाधनाच्या ग्रुप लायब्रऱ्यांकडे गेलं, आणि शाळांमध्ये पॅडलेट, वेकलेट अशा भिंतीसारख्या मांडण्या आल्या.

टॅग कुणी ठरवायचे?

सगळ्यात रंगलेला वाद हा. एका बाजूला इंटरनेटवर लिहिणारे अमेरिकी लेखक क्ले शर्की. २००५च्या त्यांच्या निबंधाचं म्हणणं असं की ग्रंथालयातलं वर्गीकरण फळीच्या अडचणीतून जन्मलं. पुस्तक एका वेळी एकाच जागी ठेवता येतं, म्हणून त्याला एकच विषय द्यावा लागतो. वेबवर फळीच नाही, तर ती शिस्त कशाला? ज्याला जे सुचेल ते त्यानं लिहावं, गर्दीतून अर्थ आपोआप वर येईल. याला आकड्यांचा थोडा आधारही मिळाला. स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी डिलिशसच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एखादी लिंक सुमारे शंभर जणांनी साठवली की तिच्यावरच्या टॅगांचं आपापसातलं प्रमाण जवळपास ठरून जातं, असं त्यांना दिसलं.

दुसऱ्या बाजूला ग्रंथपाल. इलेन पीटरसन यांनी २००६ साली ‘डी-लिब’ या डिजिटल ग्रंथालयांवरच्या नियतकालिकात आक्षेप घेतला की प्रत्येकाचा टॅग बरोबर धरायचा ठरवलं, तर एकमेकांविरुद्धचे टॅगही बरोबर धरावे लागतील, आणि मग शोधणाऱ्याच्या हाती गोंधळच येईल. त्यांच्या मदतीला १९८७ सालचं एक जुनं संशोधन येतं. जॉर्ज फर्नस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की एकाच गोष्टीला दोन माणसं आपणहून एकच शब्द देतील, ही शक्यता वीस टक्क्यांपेक्षाही कमी असते.

या वादात रंगनाथन यांचं नाव क्वचितच निघतं, याचं थोडं आश्चर्य वाटतं. मद्रास विद्यापीठाच्या या ग्रंथपालानं १९३३च्या ‘कोलन वर्गीकरणा’त विषयाचे पैलू सुटे केले होते, ते पुन्हा हवे तसे जोडण्यासाठी. एका गोष्टीला अनेक अंगं असतात हे शर्कींचं म्हणणं आणि अंगांना नेम हवा हे ग्रंथपालांचं म्हणणं, दोन्हींची सोय त्या पद्धतीत होती.

वर्गात हा वाद वेगळ्याच रूपात येतो. गोल्डर-ह्यूबरमन यांचे शंभर जण वर्गात नसतात. असतात तीस-चाळीस, आणि एखादी लिंक साठवणारे दोघं-तिघं. म्हणजे गर्दीतून एकवाक्यता येण्याइतकी गर्दीच नाही. मराठीतून काम करणाऱ्या वर्गाची कल्पना करा. विषय महाराष्ट्रातला दुष्काळ. एक मुलगी ‘दुष्काळ’ लिहील, दुसरा ‘पाणीटंचाई’, तिसरा ‘पाणी टंचाई’ असे दोन सुटे शब्द. सुरुवातीच्या डिलिशसमध्ये जागा सोडली की तिथे टॅग तुटे, म्हणजे तिसऱ्याची नोंद ‘पाणी’ आणि ‘टंचाई’ अशी दोन ठिकाणी जाणार. ‘दुष्काळ’ की ‘दुष्काळाची_कारणे’ हा विभक्तीचा घोळ आहेच. आणि ‘शेतकऱ्यांचे_प्रश्न’ या टॅगमध्ये एक खोडी दडलेली असते. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ते दोन वेगळे टॅग असतात. मुलं म्हणतात, “सर, मी टाकलंय, दिसत का नाही?” आणि सरांनाही कळत नाही.

म्हणून बऱ्याच शिक्षकांनी मधली वाट धरली. पाच-सहा टॅग ठरवून द्यायचे, बाकी ज्याचे त्यानं लावायचे. काही जण याच्याही पुढे जातात. त्यांच्या मते टॅगांवरून होणारी भांडणं हाच धडा आहे. ‘दुष्काळ’ आणि ‘पाणीटंचाई’ एक की दोन, हे ठरवताना मुलं विषयात शिरतात. या दाव्यात दम आहे. मात्र तो वेळ मागतो, आणि तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची असते.

गोळा करणं म्हणजे शिकणं?

इथे पुरावा तोकडा आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. बरेचसे अभ्यास एखाद्या कोर्सपुरते आणि एखाद्या सत्रापुरते. विद्यार्थ्यांना काय आलं यापेक्षा त्यांना कसं वाटलं, हे त्यांत जास्त विचारलेलं. २०१० साली फारवेल आणि वॉटर्स यांनी एका कोर्ससाठी उघडलेल्या डिलिशस खात्याचा असाच अनुभव तपासला. २०१२ साली नोव्हाक, रझूक आणि जॉन्सन यांनी उच्चशिक्षणातल्या सामाईक टिपणसाधनांचा आढावा घेतला. वाचून समजणं, एकमेकांचं लेखन तपासणं, उत्साह वाढणं या बाबतींत त्यांना आशादायक खुणा दिसल्या, पण काटेकोर प्रयोग थोडेच सापडले. शिवाय त्या आढाव्यातली साधनं पानावर टिपणं लिहिण्याची आहेत. नुसती लिंक साठवून काय होतं, याला ते उत्तर लागू पडत नाही.

विरोधकांचा मुद्दा नेमका तिथे आहे. लिंक साठवली की वाचल्यासारखं वाटतं. डिलिशसवरचे टॅग किती प्रकारचे असतात हे पाहताना गोल्डर आणि ह्यूबरमन यांना ‘वाचायचंय’सारख्या, करायच्या कामांच्या टॅगांची स्वतंत्र जातच करावी लागली, ती काही उगीच नाही. काही जण आणखी पुढे जाऊन म्हणतात की माहिती कुठेतरी साठलेली आहे हे कळलं की मेंदू ती सोडून देतो. त्यासाठी बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या ‘सायन्स’मधल्या लेखाचा दाखला दिला जातो. तो जरा जपून वापरायला हवा, कारण त्यातला एक प्रयोग २०१८च्या पुनर्तपासणीत तसाच उतरला नाही.

समर्थक म्हणतात, मग नुसतं साठवू देऊच नका. लिंकेखाली टीप लिहायला लावा. माझ्या मते या सगळ्या चर्चेतला सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे, जरी त्याच्या बाजूचा पुरावाही अजून अपुरा असला. दोन नोंदी शेजारी ठेवून बघा. लिंक एकच, विषय १९७२चा दुष्काळ. एकाची टीप : ‘छान माहिती’. दुसरीची : ‘कामांवरच्या मजुरांचे आकडे आहेत, पण ते कुठून घेतले ते दिलेलं नाही, रोजगार हमीची सुरुवात या काळात झाली म्हणतात, दुसरीकडे तपासायचं आहे.’ साधनाच्या दृष्टीनं दोन्ही नोंदी पूर्ण आहेत. शिक्षकाच्या दृष्टीनं पहिलीत काही घडलेलंच नाही.

‘तपासायचं आहे’ या दोन शब्दांचा संबंध स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांच्या कामाशी आहे. त्यांनी इतिहासाचे अभ्यासक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. विद्यार्थी आणि इतिहासकार पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले, लोगो आणि पत्त्याला भुलले. तथ्यतपासनीस मात्र लगेच पानाबाहेर पडले, दुसऱ्या टॅब उघडल्या आणि त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहून मग परतले. बुकमार्किंगची सवय याला पूरक की मारक? लिंकेशेजारी इतरांच्या लिंका दिसत असतील, तर पूरक. पण चाळीस जणांनी साठवलेलं पान म्हणजे खरं पान, असा समज झाला तर मारक. डिलिशसमध्ये साठवणाऱ्यांचा आकडा प्रत्येक लिंकेशेजारी ठळक दिसायचा, हे इथे लक्षात ठेवावं लागतं.

कुणाला काय दिसावं

मूल काय वाचतं ही त्याची खासगी बाब आहे, आणि सोशल बुकमार्किंगची सगळी मदार ती उघड होण्यावर आहे. लैंगिक शिक्षण, घरातली हिंसा, धर्म, आजार अशा विषयांवरच्या लिंका वर्गाच्या फीडमध्ये नावासकट येणं किती त्रासाचं ठरेल, ते सांगायला नको. अमेरिकेत १९९८च्या कोपा कायद्यामुळे तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची संमती लागते. डीगोनं ईमेलशिवाय खाती दिली, त्याचं महत्त्व इथे कळतं. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं ही रेघ अठरा वर्षांवर ओढली, म्हणजे अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थीही त्यात आले. टोपणनावं वापरावीत, असा एक उपाय सुचवला जातो. त्यावर दुसरे विचारतात की नाव नसेल तर टिपेची जबाबदारी कुणाची? दोघांचंही खरं आहे.

टिकाऊपणा

३० जानेवारी २००९ रोजी ‘मॅग्नोलिया’ या सेवेचा डेटाबेस बिघडला. बॅकअपही उपयोगी पडला नाही आणि लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेले बुकमार्क गेले. डिसेंबर २०१० मध्ये याहूची एक अंतर्गत स्लाइड बाहेर फुटली आणि बंद व्हायच्या सेवांत डिलिशसचं नाव दिसल्यावर शिक्षकांनी धडाधड आपल्या लिंका उतरवून घेतल्या. २०११ साली यूट्यूबच्या संस्थापकांच्या कंपनीनं ते घेतलं, २०१४ साली पुन्हा विकलं गेलं, आणि २०१७ साली ‘पिनबोर्ड’ या दुसऱ्या बुकमार्क सेवेच्या माचेय त्सेग्वोव्स्की यांनी अवघ्या ३५ हजार डॉलरना विकत घेऊन त्यात नव्या नोंदी थांबवल्या. कनोटिया २०१३ साली बंद झाली, सिटीयूलाइक २०१९ साली, गूगल बुकमार्क्स २०२१ साली.

सेवा टिकली तरी पानं टिकतात असं नाही. प्यू संशोधन केंद्राच्या २०२४च्या अहवालानुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणजे पाचवीच्या वर्गानं मेहनतीनं जमवलेल्या वहीतली तिसऱ्या हिश्शाहून जास्त पानं ती मुलं पंधरावीला जाईतो कोरी होणार.

यावरून दोन निष्कर्ष काढले जातात. एक, फुकट सेवांवर अभ्यासक्रम उभारू नये; शाळेच्या स्वतःच्या सर्व्हरवर किंवा निदान नोंदी बाहेर काढता येतील अशाच ठिकाणी ठेवावं. दोन, वर्गाची वही सत्रापुरतीच असते, ती संपल्यावर गेली तर बिघडलं कुठे? फळ्यावरचं नाही का आपण पुसत? दुसरा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण मागच्या तुकडीच्या नोंदींवर पुढच्या तुकडीनं भर घालावी, हे जे सोशल बुकमार्किंगचं मोठं आश्वासन होतं, ते त्यानं सोडून दिल्यासारखं होतं.

आपल्याकडे

महाराष्ट्रात ही साधनं शाळांत फारशी रुजलीच नाहीत. लिंका मात्र दुसऱ्या वाटेनं आल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले, २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले आणि ते २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षणमंचाशी जोडले गेले. या पद्धतीत निवड जाणत्यांनी केलेली असते. मुलाला भलत्या पानावर जाण्याची भीती नाही, आणि खेड्यातल्या शाळेला आयतं साहित्य मिळतं. पण निवड करणं हा शिकण्याचा भाग मानला, तर तो भाग इथे मुलाच्या वाट्याला येत नाही.

शिक्षकांचं आपसातलं देणंघेणं व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतं. ‘शुभ सकाळ’च्या फुलांमधून आठवीच्या विज्ञानाची लिंक शोधत वर वर सरकण्याचा अनुभव कुठल्याही शिक्षकाला विचारा. टॅग नाही, टीप नाही. तरीही सोय हाताशी आहे आणि सगळे तिथे आहेत, यापुढे बाकीच्या साधनांचं काही चालत नाही. मोबाइल आहे की नाही, हा आता मोठा अडसर उरलेला नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक ग्रामीण पाहणीच्या २०२४च्या फेरीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं, त्यांतल्या ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी.

न सुटलेलं

गेल्या दोन-तीन वर्षांत चॅटबॉटनं या प्रश्नांची मांडणीच बदलली. विद्यार्थी आता लिंक शोधत नाही, उत्तर विचारतो, आणि उत्तराखाली लिंका आयत्या येतात. त्यांतल्या काही अस्तित्वातच नसतात. काही शिक्षकांना वाटतं की आता लिंका जमवण्याच्या गृहपाठात अर्थ उरला नाही. काहींना नेमकं उलटं वाटतं. चॅटबॉटनं दिलेली प्रत्येक लिंक उघडून, वाचून, तिच्याखाली टीप लिहिणं हाच नवा गृहपाठ व्हावा, असं ते म्हणतात. गुण देण्याचा जुना घोळ तर आहे तिथेच आहे. लिंकांच्या संख्येला गुण द्यावेत तर मुलं शंभर लिंका आणून टाकतात. टिपेला द्यावेत, तर चाळीस मुलांच्या दहा-दहा टिपा म्हणजे चारशे टिपा कुणी आणि कधी वाचायच्या, आणि त्या मुलानंच लिहिल्या की यंत्राकडून लिहून घेतल्या, हे कशावरून ठरवायचं?